अंगठ्यानं पास केलेले टायर

लिहिता-वाचता उत्तम येणाऱ्या माणसाला अंगठेबहाद्दर म्हणणं हा तसा अन्यायच, पण नाव पडलं ते पडलं. एकेचाळीस वर्षं टायरच्या धंद्यात काढलेल्या या गृहस्थांचं अक्षर इतकं देखणं होतं, की त्यांनी लिहिलेली पावती फेकून द्यायला जिवावर यावं. पण त्यांची ख्याती अंगठ्याची. टायरच्या नक्षीवर उजव्या हाताचा अंगठा रोवायचा, नख जरा तिरकं करून दाबायचं, क्षणभर थांबायचं आणि सांगायचं, ‘धरेल’ किंवा ‘सोडेल’. संपलं. पुढं चर्चा नाही. लोक आधी थट्टेनं अंगठेबहाद्दर म्हणायला लागले, मग नुसतं बहाद्दर, आणि शेवटी दुकानाच्या पाटीवरचं खरं नाव फक्त टपालवाल्याला ठाऊक राहिलं.

त्यांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे जुन्या गाड्यांची वेडी माणसं. शहराबाहेरच्या टेकडीवर चढणारा डांबरी रस्ता वर्षातून एकदा दोन दिवस रहदारीला बंद व्हायचा आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या म्हाताऱ्या गाड्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत शर्यत लावायच्या. एका वेळी एकच गाडी. भांडण शेजारच्याशी नाही, घड्याळाशी. पहिल्या दिवशी सराव, दुसऱ्या दिवशी खरी धाव. अशा वेळी सगळे इंजिनाचं कौतुक करतात. पण गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर, आणि त्या चार तळहातांची काळजी बहाद्दरांकडे.

नवशिके यायचे ते रुंद चाकांचं स्वप्न घेऊन. बहाद्दर त्यांना स्टुलावर बसवायचे आणि विचारायचे, “गाडी किती किलोची?”

“आठशे.”

“मग एवढ्या रुंद टायरला ती गरम करणार कशानं? शिव्या देऊन? गार टायर रस्ता धरत नाही. रुंद चाक बाहेर आलं की बेअरिंग रडतं, स्टिअरिंग दगड होतं, ते वेगळंच. कंपनीनं दिलेली लोखंडी चाकं ठेवा, टायर त्याच मापाचा घ्या, फक्त रबर मऊ घ्या. गाडी बनवणारे काही खुळे नव्हते.”

हे भाषण त्यांनी इतक्या वेळा दिलं होतं की आता तोंड आपोआप चालायचं. गेली दोन-तीन वर्षं मात्र त्यांना त्याचाही कंटाळा आला होता. वय सदुसष्ट. गुडघे गेलेले. चाक उचलताना पाठीतून कळ निघायची आणि उचलून झालं की मिनिटभर ते त्याला टेकून उभे राहायचे, जणू काही पाहतायत. मुलगी हे ओळखून होती. चाकं बसवणं, तोल साधणं, हवा भरणं, सगळं आता तीच करायची. बहाद्दरांकडे उरला होता तो फक्त अंगठा, आणि म्हणूनच त्यांचा त्यात जीव अडकला होता.

तो अंगठा मेला होता, ही गोष्ट त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हती.

मधुमेह जुना. आधी पावलं बधिर झाली, ती काय, बूट घातले की झाकतात. मग बोटं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी चुलीवरून उतरवलेलं चहाचं पातेलं उघड्या हातानं सरकवलं आणि आरामात पेपर वाचत बसले. बायकोनं पाहिलं तर अंगठ्यावर टरारून फोड आलेला. “अहो, भाजलं ना!” ती ओरडली. हे म्हणाले, “छे, कुठं?” ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, इथं जळलेल्यालाच पत्ता नव्हता. बायकोला त्यांनी सांगितलं, घट्टे पडलेत म्हणून कळलं नसेल. तिला ते पटलं नाही, पण ती गप्प बसली. बायका गप्प बसतात तेव्हा विषय संपलाय असं समजण्याची चूक पुरुष पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत.

मुलीनं एकदा रबराचा टणकपणा मोजायचं काट्याचं यंत्र आणलं. मुठीएवढं, खाली सुई. सुई रबरावर दाबली की काटा आकडा दाखवतो. “साठच्या आत असेल तर मऊ, बाबा. सत्तरच्या पुढं गेलं की कामातून गेलं.”

“हातच्या काकणाला आरसा कशाला?” बहाद्दर म्हणाले. यंत्राला ते थर्मामीटर म्हणायचे आणि ड्रॉवरमधून बाहेर काढलं की त्यांचा चेहरा पडायचा. मुलीनं ते ड्रॉवरमध्येच ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता बाईंचं सांगायला हवं. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वय चौसष्ट, आवाज अजून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा. नवरा गेला तेव्हा त्याची दोन दारांची हिरवी जुनी गाडी लोकांनी विकायला सांगितली. बाईंनी ती विकली तर नाहीच, उलट त्रेपन्नाव्या वर्षी तिच्यातून शर्यतीत उतरल्या. अकरा वर्षं त्यांचे टायर बहाद्दरांखेरीज दुसऱ्या कुणी निवडले नव्हते. सहा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या गटात पहिला नंबर काढला, तीन मिनिटं बारा सेकंद, तेही बहाद्दरांनी निवडलेल्या टायरवर. त्यांच्या बैठकीत नवऱ्याच्या फोटोशेजारी त्या धावेची वेळ लिहिलेला कागद चौकटीत लावलेला होता. मुलं नव्हती. शाळा सुटली होती. वर्षाचे ते दोन दिवस सोडले तर बाकीचे दिवस बाई ढकलत होत्या, आणि हे त्या स्वतःच सांगायच्या, कसलाही आडपडदा न ठेवता.

या वर्षी शर्यतीच्या आदल्या आठवड्यात त्या दुकानात आल्या तेव्हा निवड चार-चार टायरच्या दोन संचांमधून होती. एक संच कोरा करकरीत. माप तेच, रबर मऊ, पण नव्या टायरवर साच्याचा तुळतुळीतपणा असतो. तीस-चाळीस किलोमीटर रस्त्यावर घासल्याशिवाय तो निसरडा वागतो. दुसरा संच म्हणजे तेच सहा वर्षांपूर्वीचे जिंकलेले टायर. दोनच शर्यती धावलेले, नक्षी जवळजवळ पूर्ण, काळ्या पिशव्यांत गुंडाळून दुकानाच्या माळ्यावर ठेवलेले. माळ्यावर पत्रा होता आणि पत्र्याखाली सहा उन्हाळे गेले होते.

टायरच्या कडेवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. मुलीनं ते वाचून दाखवलं. “सहा वर्षं म्हणजे फार झाली, बाबा.”

“तारीख काय सांगते? दोन वर्षांत दगड झालेले टायर पाहिलेत मी, आणि सात वर्षांचे लोण्यासारखे.” हे मात्र खरं होतं. त्यांनी अंगठा रोवला, नख तिरकं केलं, दाबलं, थांबले.

काहीच जाणवलं नाही. रबरानं विरोध केला नाही, कारण विरोध कळवणारं तिथं कुणी उरलंच नव्हतं. आणि काहीच न जाणवणं म्हणजे मऊ, असं बहाद्दर धरून चालले. खोटं बोलायचं म्हणून ते बोलले नाहीत, हे मला ठामपणे सांगायचंय. माणूस थकला की त्याला सोयीचं तेच खरं वाटायला लागतं, एवढंच.

“धरेल,” ते म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. त्यांना पुन्हा विचारायची सवय नव्हती.

सरावाच्या दिवशी सकाळ ढगाळ आणि गार होती. हिरवी गाडी वर गेली तेव्हा बहाद्दर नेहमीप्रमाणे पायथ्याशी उभे होते. गाडी धावत असताना ते कधी बसायचे नाहीत. तेवढा एक नेम होता. पहिल्या वळणावर टायर किंचाळले. दुसऱ्यावर जास्त. तिसऱ्यावर आवाज एकदम थांबला. गाडी आडवी घसरत जाऊन कडेच्या गवताच्या गाठोड्यांना टेकली होती. फार काही नाही. दिवा फुटला, पत्रा दबला. बाई स्वतःच गाडी सावकाश खाली घेऊन आल्या. बहाद्दर पुढं झाले.

“लागलं का हो, बाई?”

“नाही.” त्या घडीच्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ हातमोजे काढत राहिल्या. मग म्हणाल्या, “बहाद्दर, माझं संपलं. वळणावर मागची बाजू सुटली आणि मला ती आवरताच आली नाही. पूर्वी हात आपोआप जायचे. आज हात पोचेपर्यंत गाडी निघून गेली होती.”

“असं कसं, बाई?”

“असंच असतं. मीच पोरांना सांगायचे, आपली चूक दुसऱ्याच्या वहीत शोधू नका. माझी आहे. उद्या मी धावत नाही. पुतण्या केव्हाचा गाडी मागतोय, त्याला उद्या येऊन घेऊन जा म्हणून सांगते.” त्यांच्या आवाजात रडू नव्हतं. दप्तर बंद करावं तसं त्या बोलत होत्या, आणि ते ऐकवत नव्हतं.

मुलगी गाडीच्या मागं वाकली होती. धावून आलेल्या मऊ टायरवर रबराच्या बारीक वळ्या उठतात. इथं एक नव्हती. नक्षी शाबूत, पण वरचं रबर तुळतुळीत, ताटासारखं. तिनं खिशातून ते मुठीएवढं यंत्र काढलं. घेऊन आली होती तर. सुई दाबली आणि बापाला दिसेल असं धरलं. अठ्ठ्याहत्तर.

बहाद्दरांनी आकडा पाहिला. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “गाडी दुकानात घे, पत्रा बघू,” आणि मान फिरवली. बाईंना ते काही बोलले नाहीत.

घरी येऊन ते बूटही न काढता पलंगाच्या कडेवर बसले. बायकोनं दिवा लावला, समोर पाण्याचा पेला ठेवला आणि उभी राहिली.

“लेकीनं सांगितलं मला.”

“काय सांगायचंय त्यात? टायर जुने होते.”

“टायर जुने होते, अंगठा जुना आहे, तुम्ही जुने आहात. त्याची कुणाला लाज नाही. पण ती बाई स्वतःला म्हातारी समजून घरी बसणार, आणि तुम्ही बसू देणार.”

“दुकान कशावर चालतं आपलं? लोक काय म्हणतील? दोन वर्षं हा माणूस आंधळेपणानं…”

“गाडी तिची, जीव तिचा आणि झाकायचं तुमचं,” बायको म्हणाली. “जेवायला या.”

ते जेवले. चवही कळली नाही. त्या संध्याकाळी त्यांना पहिल्यांदा कळलं की आपण किती दमलोय. चाकं उचलून नव्हे. दोन वर्षं ते एक गुपित उचलून फिरत होते, आणि ते खाली ठेवायला कुठं जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते बाईंच्या दारात उभे राहिले. बाई आवरून बसल्या होत्या. टेबलावर गाडीची कागदपत्रं, दुसरी किल्ली, आणि खडूंची जुनी पेटी, कारण निवृत्त होऊनही बाईंच्या टेबलावर खडूंची पेटी असायचीच.

“बाई, काल हात तुमचे चुकले नाहीत. टायर मेलेले होते. मला कळलं नाही, कारण माझ्या अंगठ्याला काही कळतच नाही.”

बाईंनी चष्मा खाली घेतला. “म्हणजे?”

“बधिर झालाय. साखरेनं.”

बाईंमधली मुख्याध्यापिका जागी झाली. “बसा. डोळे मिटा. हात पुढं करा.”

सदुसष्ट वर्षांच्या बहाद्दरांनी डोळे मिटून हात पुढं केला. बाईंनी अंगठ्याखाली काहीतरी ठेवलं. “दाबा. मऊ की कडक?”

“मऊ.”

“हे?”

“…मऊ.”

“उघडा डोळे.” पहिला खोडरबर होता. दुसरी लाकडी पट्टी.

बहाद्दरांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःला माहीत असणं वेगळं आणि असं टेबलावर मांडलेलं बघणं वेगळं. बाईंना दया आली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं बाईंच्या हाताखाली शाळा केलेली नाही.

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

“दोन वर्षं!” आवाज तिसऱ्या मजल्यावर गेला. “मी काल घरी येऊन नवऱ्याच्या फोटोसमोर बसले आणि सांगितलं, माझ्याकडून आता होत नाही. तुमच्या अंगठ्यापायी! आणि मी एक सुटले. दोन वर्षांत आणखी किती जणांना पास केलंत?”

हा प्रश्न बहाद्दरांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. विचारायला नको म्हणूनच बाकी सगळं झाकलं होतं. “दहा-अकरा,” ते पुटपुटले.

बाईंनी कागद पुढं सरकवला. “नावं लिहा. आत्ता.”

त्यांनी लिहिली. त्या देखण्या अक्षरात, एकाखाली एक. अकरा झाली. बाईंनी फोन समोर ठेवला. “एकेकाला करा. गाडी हलवू नका म्हणावं, टायर यंत्रानं तपासून घ्या म्हणावं, आणि कारणसुद्धा सांगायचं. मी इथंच बसलेय.”

पहिल्या फोनला त्यांची जीभ उचलेना. तिसऱ्यापर्यंत वाक्य पाठ झालं. एकानं शिव्या घातल्या, एकानं तब्येतीची चौकशी केली, आणि एकजण नुसता हसून म्हणाला, “मला वाटलंच होतं, पण म्हटलं बहाद्दर म्हणतायत म्हणजे असेल.” हे सगळ्यात जास्त लागलं. अकरावा फोन ठेवला तेव्हा ते इतके थकले होते की खुर्चीवरून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. पण डोक्यात दोन वर्षं चाललेली भुणभुण थांबली होती.

“झालं,” ते म्हणाले. “येतो मी.”

“कुठं निघालात? तो नवा संच दुकानात आहे ना?”

“आहे. पण घासायला हवा. चाळीस किलोमीटर.”

“माझी धाव दुपारी साडेतीनला. पुतण्याला कळवते, आज येऊ नकोस. उद्याचं उद्या बघू.”

मुलीनं दुकानात जुने टायर उतरवले, नवे बसवले आणि प्रत्येकावर यंत्र लावून आकडा मोठ्यानं वाचला. अठ्ठावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. बहाद्दर ऐकत उभे होते. सवयीनं त्यांचा अंगठा पुढं गेला आणि त्यांनी तो खिशात घातला. हवा किती ठेवायची ते मात्र मुलीनं त्यांनाच विचारलं, कारण गार दिवस, हलकी गाडी आणि चढाचा रस्ता यांचं उत्तर कुठल्याच काट्यावर नसतं. त्यांनी सांगितलं, तिनं तेवढी भरली. बाईंनी उतरवलेल्या चारही टायरवर लाल खडूनं लिहिलं, ‘नापास’. मग त्या गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर फिरून आल्या. येताना त्यांचा चेहरा जरा उजळला होता, पण टायर कसे वागले ते त्यांनी मुलीलाच सांगितलं.

साडेतीनला हिरवी गाडी वर गेली. बहाद्दर पायथ्याशी. पहिलं वळण, टायर नुसते गुरगुरले. दुसरं. तिसऱ्याला त्यांनी श्वास धरला. आवाज तुटला नाही. तसाच चढत चढत माथ्याकडे गेला आणि संपला. मुलीनं नापास टायर दुकानाच्या व्हॅनमधून काढून दोनावर दोन असे रचून ठेवले होते, त्यातल्या एका जोडीवर ते मटकन बसले. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

बाई खाली आल्या त्या हातात वेळेचा कागद घेऊन. “तीन एकोणीस.”

बहाद्दरांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. सहा वर्षांपूर्वीची तीन बारा. “सात सेकंद राहिले,” ते म्हणाले. “नव्या टायरला अजून थोडं घासायला हवं होतं. हवा मीच कदाचित…”

“गप्प बसा.” बाईंनी कागदाची घडी घातली. “टायरनं कुठंच सोडलं नाही. मलाच ब्रेक लवकर मारावेसे वाटले, प्रत्येक वळणावर. भीती वाटली हो मला. पूर्वी वाटायची नाही.” घडी त्यांनी खिशात घातली. “कालचं सगळं तुमचं. हे सात सेकंद माझे आहेत. तेही स्वतःच्या अंगावर घ्यायचे नाहीत.”

बहाद्दरांनी विचारलं, “मग गाडी?”

“सात सेकंदांसाठी कुणी गाडी देतं?” बाई शेजारच्या जोडीवर बसल्या. हेल्मेट मांडीवर घेतलं. त्याही दमल्या होत्या, आणि आता ते लपवत नव्हत्या. पुढची गाडी वर जाताना दोघं ऐकत राहिले.

“काय टणक आहेत हो हे,” बाई जागा सावरत म्हणाल्या.

“आहेत,” बहाद्दर म्हणाले. “बसल्यावर कळतंय मला.”